नाव घेईपर्यंत पायऱ्यांवर

बेल वाजली तेव्हा त्याच्या उजव्या गालाची दाढी झाली होती आणि डाव्या गालावर फेस होता. आठवड्याची सुट्टी, दुपारचे तीन, बायको कामावर, अशा वेळी माणूस अर्धी दाढी करून थांबला तरी त्याला जाब विचारणारं कोणी नसतं. तो थांबलाही होता, कारण आरशात बघता बघता एकाएकी उजवा गाल आपला आणि डावा बाबांचा दिसायला लागला होता. फेसामुळे असेल. बाबांशी बोलणं बंद होऊन चौदा महिने झाले होते आणि त्यांचा अर्धा चेहरा असा घरात येऊन उभा राहावा, हे त्याला बरोबर वाटलं नाही. त्याने वस्तरा बेसिनच्या कडेवर ठेवला, खांद्यावरचा टॉवेल सारखा केला, बोळात आडव्या लावलेल्या शिडीवरून पाय उचलून पलीकडे टाकला आणि दार उघडलं. दारात चर्चच्या मंडळीतली शिंपीणबाई उभी होती. हातात फडक्यात गुंडाळलेलं मोठं भांडं, फडक्यातून वाफ. चार मजले चढून आल्यामुळे तिला धाप लागली होती. हा स्वतः लिफ्टचा मेकॅनिक आणि राहतो लिफ्ट नसलेल्या इमारतीत, यावर मंडळीत गेली नऊ वर्षं तोच तो विनोद होत असे. आज तिने तो केला नाही. तिने त्याच्या फेसाकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले.

"या घरातून माझ्या आंधळ्या आईला तीन वर्षं दर गुरुवारी वर्तमानपत्र वाचून मिळालं," ती म्हणाली. "आभार."

"आभार," तो म्हणाला, कारण जिभेला तशी सवय होती. भांडं त्याने हातात घेतलं. चांगलंच जड होतं, आत बटाटे आणि कोबी. शिंपीणबाई एक पायरी खाली उतरली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. ती जात का नाही, असं त्याच्या मनात आलं, आणि मग भांड्याचा चटका आणि ती गोष्ट दोन्ही एकदमच त्याच्या ध्यानात आली. हे वाक्य फक्त एकाच प्रकारच्या दारात बोलतात.

त्याने ते स्वतः अकरा दारांत बोललेलं होतं. एकदा तर मेलेल्या माणसाची आणि त्याची ओळखच नव्हती, तेव्हा त्याने एका पावसात उसन्या मिळालेल्या छत्रीचे आभार मानले होते, आणि छत्री अजून आपल्याकडेच आहे हे बोलता बोलता आठवून त्याचे कान तापले होते. ज्या घरात माणूस गेलं त्या घरी मंडळीतल्या प्रत्येकाने काहीतरी शिजवून न्यायचं. रडायचं नाही, सांत्वन करायचं नाही. त्या घरातून आपल्याला काय मिळालं ते एका वाक्यात सांगायचं, आभार म्हणायचं आणि दाराबाहेर थांबायचं. गेलेल्याचं नाव पाहुण्यांनी घ्यायचं नाही, ते घरच्यांनी घ्यायचं. घरच्यांनी नाव घेतलं की सगळ्यांनी आत यायचं आणि एकत्र जेवायचं. पूर्वीच्या पाळकांच्या बायकोने ही रीत घातली होती. नाव घ्यायला ज्याला जितका वेळ लागेल तितका लागू दे, ती म्हणायची, तोवर आपण पायऱ्यांवर. एका सुताराने म्हणे दोन तास घेतले होते आणि मंडळी दोन तास उभी होती, तीही थंडीत.

तर कोणीतरी गेलं होतं. त्याच्या घरातलं. कोण, हे शिंपीणबाईला ठाऊक होतं आणि त्याला नव्हतं.

तेव्हाच विचारायला हवं होतं. पण आभार तर तो म्हणून बसला होता. लग्नात कोणीतरी येऊन अर्धा तास गळ्यात हात घालून बोलावं आणि मग त्याला आपण कोण म्हणून विचारणं जसं जमत नाही, तसं ते झालं. शिवाय विचारायचं कसं? "माझ्या घरातलं नेमकं कोण गेलं?" असं विचारणाऱ्या माणसाच्या घरात माणसं जास्त झाली आहेत असं वाटेल. त्याच्याकडे तर दोनच होती. बायको आणि बाबा. आई चार वर्षांपूर्वी गेली, तिचं नाव घेऊन झालेलं होतं. बायको सकाळी वाचनालयात कामाला गेली होती, जाताना दुधाचं भांडं झाकायला सांगून गेली होती, आणि ते त्याने अजून झाकलं नव्हतं. बाबा सात गल्ल्या पलीकडे एकटे राहत होते. फोन करून बघावा तर फोन काल लिफ्टच्या खड्ड्यात पडला होता. खड्डा म्हणजे तळमजल्याच्याही खाली असतो तो, स्प्रिंगांचा. तिथे फोन पडला की त्याच्या आवाजावरूनच कळतं की आता वाकून बघण्यात अर्थ नाही.

भांडं घेऊन तो स्वयंपाकघरात गेला, ते ओट्यावर ठेवलं, दूध झाकलं. दूध झाकल्यावर जरा बरं वाटलं. गुरुवारी बायकोला उशीर होत असे. पुस्तकांची मोजदाद असते म्हणायची. तीन वर्षं दर गुरुवारी कुठलं वाचनालय पुस्तकं मोजतं? ती म्हाताऱ्या बाईला वर्तमानपत्र वाचून दाखवत होती आणि तो घरी बसून, आपल्याला गुरुवारी पावच खावा लागतो म्हणून कुरकुरत होता. म्हणजे बायको. त्याचे हात ओट्यावर होते, ओटा गार होता, बोटं ओट्यावर आहेत हे दिसत होतं पण लागत नव्हतं. बाबांचा तर प्रश्नच नव्हता. बाबांनी कोणाला काही वाचून दाखवणं शक्य नव्हतं; लहानपणी त्याचं प्रगतिपुस्तकसुद्धा ते मनात वाचायचे आणि मनातच रागवायचे. पुन्हा बेल वाजली.

दंतवैद्य. हातात केक, वर साखरेचा जाड थर. "या घरातून मला रोज अकरा वाजता हसायला मिळालं," दंतवैद्य म्हणाला. "रोज. एकही दिवस खाडा नाही. आभार." आणि तो शिंपीणबाईशेजारी जाऊन उभा राहिला. त्याच्यामागोमाग दोन निवृत्त शिक्षिका, सख्ख्या बहिणी, ज्यांना सगळे थोरली आणि धाकटी म्हणत. दोघींत मिळून एक सुपाचं पातेलं, एक कान एकीकडे, दुसरा दुसरीकडे. "या घरातून आमच्या मांजराला महिनाभर औषध पाजलं गेलं," थोरली म्हणाली. "ते कोणाच्याही हातून घेत नव्हतं," धाकटी म्हणाली. "आभार," दोघी म्हणाल्या.

तो शिडी ओलांडून आत, शिडी ओलांडून बाहेर असा खेपा घालत राहिला. बायकोला मांजर चालत नाही, नुसतं बघितलं तरी शिंका येतात. बाबा मांजराला चोर म्हणायचे, तोंडावर. आणि रोज अकरा वाजता हसवणारं माणूस तर या घरात कधी जन्मालाच आलं नव्हतं. बायको विनोद सांगायला लागली की आधी शेवट सांगून टाकते. बाबांचा चेहरा म्हणजे खाली ओढलेलं शटर. त्याच्या मनात एक सुंदर विचार आला: पत्ता चुकला. आपल्या घरात इतकी चांगली माणसं नाहीत. हे सगळे दुसऱ्या कुठल्यातरी भल्या कुटुंबाकडे निघाले होते आणि एक मजला जास्त चढले. खाली तिसऱ्या मजल्यावर चौकशी करावी. या विचाराला तो दोन्ही हातांनी धरून उभा होता, तेवढ्यात बसचा ड्रायव्हर वर आला. त्याच्याजवळ पावाच्या चार लाद्या होत्या, कागदात बांधलेल्या.

"या घरातून मला लिफ्टमध्ये अडकलो होतो तेव्हा पाऊण तास फोनवर सोबत मिळाली," ड्रायव्हर म्हणाला. "नाहीतर मी दार तोडून उडी मारली असती. आभार."

ती सोबत त्याने स्वतः केली होती. गेल्या वर्षी, कापडाच्या दुकानाची लिफ्ट, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये. अडकलेल्या माणसाला काय सांगायचं ते ठरलेलं असतं: दोर तुटत नाही, हवा संपत नाही, मी निघालोय. म्हणजे पत्ता चुकला नव्हता. उलट, मेला तो बहुधा तोच होता. ही शक्यता त्याने शांतपणे तपासली. काल फोन खड्ड्यात पडला तेव्हा त्याच्यामागून आपणही गेलो असू. ध्यानात आलं नसेल. कामाच्या घाईत राहून जातं. तो आत जाऊन आरशासमोर उभा राहिला. अर्धा फेस वाळत आला होता, कातडी ओढत होती. मेलेल्या माणसाची कातडी ओढते का, हे त्याला माहीत नव्हतं, पण खाज नक्की येत नसावी. त्याने गाल खाजवला. तो जिवंत होता. त्याला वाईट वाटलं. स्वतः मेलेला असणं हाच सगळ्यात सोपा मार्ग होता.

परत आला तेव्हा पायऱ्यांवर गर्दी वाढली होती. खालच्या वळणापर्यंत माणसं, प्रत्येकाच्या हातात काही ना काही, वाफा जिन्यातून वर चढत होत्या. कोणी बोलत नव्हतं. कोणी घड्याळ बघत नव्हतं. मंडळी थांबण्यात पटाईत होती. सगळे त्याच्याकडे अशा मायेने बघत होते की त्याला पळून जावंसं वाटलं, पण पळायचा रस्ता त्यांच्यामधूनच जात होता. "सावकाश हं," शिंपीणबाई म्हणाली. "घाई नाही." "सूप काय, परत तापवता येतं," धाकटी म्हणाली. थोरलीने तिला कोपराने ढोसलं.

एक नाव घ्यायचं होतं. दोनच नावं होती. आणि तिथे, दाराच्या चौकटीत, अर्ध्या दाढीनिशी उभा असताना त्याच्या लक्षात आलं की आपण केव्हापासून मनातल्या मनात एकच गोष्ट म्हणतोय: बाबा असू देत. देवा, बाबा असू देत. ते वाक्य इतक्या सहज चालू होतं की जणू बऱ्याच आधी कोणीतरी बटण दाबून ठेवलं होतं. त्याने ते थांबवायचा प्रयत्न केला तर त्याच्या जागी दुसरं काहीच आलं नाही, फक्त बायको दूध झाकायला सांगताना दारात उभी होती तशी दिसत राहिली, चपलेत पाय सारत, एक हात भिंतीला. मग बाबाच असू देत. म्हातारे आहेत, एकटे आहेत, शिवाय बोलत नाहीत. माणूस बोलत नसेल तर त्याचं जाणं जवळजवळ होऊनच गेलेलं असतं, असा हिशेब मनाने केला, आणि असा हिशेब करणारं मन आपल्याच डोक्यात भाड्याने राहतंय हे कळून त्याला घाम फुटला. भांडण तरी कशावरून? शिडीवरून. बाबांची शिडी त्याने दिवाणखाना रंगवायला आणली होती. बाबांनी परत मागितली. तो म्हणाला, रविवारी आणतो. दोन रविवार गेले. मग तो म्हणाला, "या वयात तुम्हाला शिडी कशाला हवी?" बाबा म्हणाले, "माझी शिडी आहे. मी चढेन, नाहीतर तिच्यावर कपडे वाळत घालेन." तो म्हणाला, "पडाल." ते म्हणाले, "माझं पडणं आहे." एवढंच. यात भांडण कुठे आहे ते शोधायला भिंग लागेल. पण त्यानंतर दोघांपैकी कोणी पहिला फोन केला नाही, आणि शिडी बोळात आडवी राहिली, आणि घरातली माणसं तिला ओलांडायला शिकली.

आई गेली तेव्हा नाव बाबांनी घेतलं होतं. तो आत होता, ओट्यापाशी, आणि बाहेरून त्याने ते ऐकलं. सगळं आयुष्य बाबा तिला 'अगं' म्हणत आले होते. तिचं नाव त्यांच्या तोंडून इतकं नवं वाटलं की क्षणभर त्याला वाटलं, बाबा कोणा परक्या बाईबद्दल बोलतायत.

तेवढ्यात खालून आवाज आला. जिन्यावर पावलं, आणि पावलांबरोबर पुटपुटणं. एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस. या इमारतीच्या पायऱ्या मोजत चढणारं जगात एकच माणूस होतं. माणसं भिंतीला चिकटून वाट देत होती, पातेली उंच धरत होती, आणि मधून ती वर येत होती, वाचनालयाची कापडी पिशवी छातीशी धरून, केस विस्कटलेले, नाक लाल. त्याने शेवटच्या चार पायऱ्या एका उडीत घेतल्या आणि तिला मिठी मारली. "आहेस!" तो ओरडला. "तू आहेस!" तो हसत होता. जोरजोरात, तोंड उघडं टाकून, तिला जमिनीवरून उचलून. तिच्या कानाला फेस लागला. पिशवी मध्ये टोचत होती. "अरे देवा, तू आहेस!" जिन्यात ते हसणं खालपर्यंत गेलं आणि परत वर आलं, आणि वर आलं तेव्हा त्याला ऐकू आलं की बाकी सगळे गप्प आहेत.

"अरे," बायको म्हणाली. "तुला कोणी सांगितलं नाही?"

पिशवीतून बाबांच्या बुटांची टोकं दिसत होती.

लिफ्टचा ब्रेक लागला तरी डबा जागच्या जागी थांबत नाही, वीतभर घसरतो. नवशिक्याला ते बघून धडकी भरते. त्याचं हसणं तसं वीतभर पुढे गेलं. बुटांकडे बघत तो आणखी थोडा हसला, सगळ्यांसमोर, आणि मग थांबला. बाबा असू देत, असं तो म्हणाला होता. कोणीतरी ऐकलं होतं आणि तत्परतेने करून दिलं होतं.

"अकरा वाजता गेले," बायको म्हणाली. "चर्चच्या हॉलमध्ये, चहाला. मला वाचनालयातून बोलावलं. मी तेव्हापासून दवाखान्यात त्यांच्यापाशी. तुझा फोन खड्ड्यात, म्हणून पाळकबाईंना म्हटलं, घरी कळवा. त्या म्हणाल्या, लगेच सगळ्यांना कळवते."

सगळ्यांनी शेजाऱ्याकडे पाहिलं. "मला यांनी सांगितलं," शिंपीणबाई म्हणाली. "मला ड्रायव्हरने," दंतवैद्य म्हणाला. बोट पायरीपायरीने खाली उतरत वळणाआड गेलं आणि खालून कोणाचा तरी आवाज आला, "मला पाळकबाईंनी. त्या म्हणाल्या, यादीतल्या सगळ्यांना."

"आणि घरी?" त्याने विचारलं.

"घरचं नाव यादीतून काढतात ना रे," थोरली म्हणाली. "दुःखाच्या घरी कोणी फोन करायचा नाही, निरोप धाडायचा नाही, त्रास द्यायचा नाही. नियम आहे. तूच करून घेतलास."

त्यानेच करून घेतला होता. आई गेली त्या दिवशी त्याचा फोन एक्केचाळीस वेळा वाजला होता आणि पुढच्या सभेत तो उभा राहून म्हणाला होता, कृपा करा, आम्हाला सोडून बाकी सगळ्यांना कळवत जा. सगळ्यांनी हात वर केले होते. बाबांनीसुद्धा. नियम उत्तम चालला होता.

"कशावरून पडले?" तो म्हणाला. हे त्याला विचारायलाच हवं होतं. शिडी आपल्या बोळात आहे, तर ते टेबलावर चढले असतील, टेबलावर खुर्ची ठेवून चढले असतील, दिवा बदलायला, घड्याळाला किल्ली द्यायला. "खुर्चीवरून?"

"खुर्चीवरच होते," दंतवैद्य म्हणाला. "बसलेले. पडले नाहीत रे. ते विनोद सांगत होते."

"बाबा?"

"रोज सांगायचे. अकराच्या चहाला. शिडीचा." दंतवैद्याने डोळे पुसले. "रोज नवा. माझी शिडी पोराने नेली, आता मला देवाजवळ जायचं तर पायी जावं लागणार. असले. आज म्हणाले, चौदा महिने झाले, शिडी पोराकडे आहे, पण मी ती परत मागत नाही, कारण. आणि थांबले. ते नेहमीच थांबायचे. त्यातच मजा असायची. म्हणून आम्हीही थांबलो." त्याने केककडे पाहिलं. "बराच वेळ थांबलो, रे. मी तर हसायला सुरुवातसुद्धा केली. चहा गार झाला तेव्हा आमच्या लक्षात आलं."

त्याला ते सगळं दिसलं: लांब टेबल, कप, दहाबारा माणसं तोंडावर हसू तयार ठेवून बसलेली, आणि मध्ये बाबा, शटर खाली, त्या एका शब्दावर. किती मिनिटं? कोणी मोजली नव्हती. "आणि गुरुवारचं वाचन?" त्याने बायकोला विचारलं, पण उत्तर त्याला तिच्या झुकलेल्या मानेवरूनच कळलं. "तेच वाचायचे," ती म्हणाली. "मी नुसती बरोबर जायचे. चष्मा पुसून द्यायचे. तुला सांगणार होते. मग वाटलं, आधी शिडी जाऊ दे."

तेव्हा त्याने नाव घेतलं. बाबांचं नाव त्याने जन्मात कधी मोठ्याने उच्चारलं नव्हतं. शाळेच्या दाखल्यावर ते त्याच्या नावात आणि आडनावात चेंगरून बसलेलं होतं. लिफ्टच्या वहीत सही करताना त्याचं एक अक्षर आणि एक टिंब उरलं होतं. आता ते आख्खं तोंडात आलं. वाटलं होतं त्यापेक्षा लहान होतं.

मंडळी आत आली. एकेक जण शिडी ओलांडत होता, आणि ओलांडताना प्रत्येक जण तिच्याकडे जरा जास्तच आदराने बघत होता. जिच्याविषयी चौदा महिने ऐकलं ती ही. भांडी ठेवायला जागा पुरेना. तेव्हा ड्रायव्हरने आणि त्याने मिळून शिडी उचलली, दोन खुर्च्यांच्या पाठींवर आडवी टाकली, वर कपाटाच्या फळ्या ठेवल्या. सूप, बटाटे, पाव, केक, सगळं तिच्यावर मावलं. ती जरासुद्धा वाकली नाही. "मजबूत आहे," ड्रायव्हर म्हणाला. "त्यांनी सांगितलं होतं," दंतवैद्य म्हणाला. लोक जेवू लागले. त्याने पाव सुपात बुडवला आणि तो तोंडाशी नेईपर्यंत निम्मा सुपात पडला. बायकोने त्याला आपला चमचा दिला.

"पुढे काय असेल रे?" धाकटीने शेवटी विचारलं. सगळे चावायचे थांबले. "मी परत मागत नाही, कारण. कारण काय?"

"अगं, गप्प बस," थोरली म्हणाली, पण तीही त्याच्याकडेच बघत होती.

त्याला माहीत होतं. कसं ते माहीत नव्हतं, पण उत्तर तयार होतं, जसं काही ते गेले चौदा महिने बोळात आडवं पडलेलं होतं आणि तो त्याला ओलांडत होता. "कारण," तो म्हणाला, आणि तिथे त्याचा आवाज थांबला. मुद्दाम नव्हे. शेवटच्या माणसापर्यंत सगळे ताठ झाले. बायकोने त्याच्या मनगटाला घट्ट धरलं. "कारण शिडी परत आली, तर आणणाऱ्याला चहा विचारावा लागेल."

आधी दंतवैद्य हसला. मग सगळे. ड्रायव्हरने शिडीवर हात मारला, सूप हिंदकळलं. "हेच!" दंतवैद्य रडत म्हणाला. "अगदी हेच म्हणणार होते!" हसणाऱ्या माणसांच्या मधोमध तो डाव्या गालावर वाळलेला फेस घेऊन बसला होता, आणि बाबांच्या आवाजात हसवून झाल्यावर तोंड कुठे ठेवायचं ते त्याला कळत नव्हतं.

"चहा कोण कोण घेणार?" तो म्हणाला. सगळ्यांनी हात वर केले.

तो आत गेला. पाणी ठेवलं, पत्ती शोधली, झाकलेलं दूध उघडलं. बाहेर हसणं हळूहळू ओसरलं, चमचे वाजायचे बंद झाले, आणि एकदम सगळं शांत झालं. पाणी उकळत होतं. ते सगळे चहासाठी थांबले आहेत, हे त्याला ठाऊक होतं. तरी हातात चहाचा चमचा तसाच धरून तो दारापाशी आला आणि खुर्च्यांवर, जमिनीवर, खिडकीत बसलेल्या एकेकाच्या छातीकडे बघू लागला, वर-खाली होते का. शिंपीणबाई. दंतवैद्य. थोरली. धाकटी. ड्रायव्हर. बायको. कोणालाही न वगळता, कामावर तपासतो तसं, त्याने सगळ्यांना तपासलं. सगळे चालू होते.